नऊ तारखेची ओपीडी

सकाळी साडेआठ. आज ९ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. वजन, बीपी, रक्त-लघवी उरकून बायका आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बसतात.

नऊ. उठता-बसता कंबर धरते, ही पहिल्या तिघींची तक्रार. पोट पुढे येतं तसा कंबरेवर ताण वाढतो, संप्रेरकांमुळे कटीच्या सांध्यांचे बंध सैलावतात. निम्म्याअधिक गरोदर बायकांना हे दुखणं होतं. म्हणून ते मुकाट सोसायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

दहा. सातवा महिना. परकरात पाय घालताना हिला एका पायावर उभं राहवत नाही. कूस बदलताना माकडहाडाच्या वर, डावीकडे कळ येते. पाठीशी उशा देऊन तिला टेकवलं. ‘पाय सरळ ठेवून वीतभर उचला.’ उचलेना. मग दोन्ही बाजूंनी तिची कटी हातांनी आवळून धरली. ‘आता?’

‘मॅडम, हलका झाला की!’

म्हणजे पट्ट्याने आराम पडण्याची शक्यता चांगली. तो पोटावर नाही, पोटाखाली, खुब्यांच्या रेषेत बांधायचा. बांधून फेऱ्या मारून घेतल्या. मग तिने मोबाइल पुढे केला. ‘यात हाड कडकन वाजवतात. तसं करा ना.’

ही कायरोप्रॅक्टिक; १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलेली. तिकडे गरोदर बाईसाठी पोटाला जागा सोडलेली टेबलं असतात, दाबही बेताचा देतात. काहींना बरं वाटतं, पण पुरावा तोकडा आहे. व्हिडिओ बघून हिसका मात्र कुणाकडूनच घ्यायचा नाही, गावातल्या कंबर बसवणाऱ्याकडूनही नाही. हे मी तिच्या सासूबाईंनाही आत बोलावून सांगितलं.

साडेअकरा. आठव्या महिन्यातली एक. कंबरदुखी थांबून थांबून येते, त्याच वेळी पोट कडक होतं. व्यायाम वगैरे काही नाही, व्हीलचेअरवरून थेट प्रसूती कक्षात. अंगावर जाणं, ताप, लघवीला जळजळ, पाय बधिर होणं, यातलं काही असलं तरी आधी डॉक्टर.

दोन. गटाने व्यायाम: भिंतीला पाठ टेकून कंबर सपाट करणं, ओणवं होऊन पाठ हळू वर-खाली करणं. झोपताना कुशीवर, गुडघ्यांत उशी. हंडा उचलायचा नाही.

चार. प्रसूती कक्षातून निरोप आला: कळा थांबल्या, बाळाचे ठोके चांगले, आज ठेवून घेतलंय. पट्टे संपलेत, मागणीपत्र अधीक्षकांच्या सहीला पाठवलं.