त्सफातमध्ये शनिवार सरताना

त्सफात (इस्रायल) : गॅलिलीच्या डोंगरावरच्या या गावात शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले, की शब्बाथ हा ज्यूंचा पवित्र विश्रांतीचा दिवस संपतो आणि घरोघरी ‘हव्दाला’ होतो. द्राक्षारसाचा काठोकाठ भरलेला पेला, सुगंधी मसाल्यांची डबी आणि अनेक वातींची, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती. पवित्र दिवस आणि कामाचे दिवस यांच्यात सीमा आखणारा हा छोटासा विधी. ज्यूंची गूढविद्या, कब्बाला, समजून घ्यायला या तीन वस्तू पुरतात.

1492मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले. त्या निर्वासितांच्या वंशातले अनेक विद्वान सोळाव्या शतकात येथे स्थिरावले. 1570मध्ये आलेले कब्बालाचे गुरू इसाक लुरिया दोनच वर्षांत, वयाच्या 38व्या वर्षी वारले. त्यांची शिकवण शिष्य हाईम व्हिताल यांनी लिहून ठेवली. सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाश धारण करणारी पात्रे फुटली आणि त्याच्या ठिणग्या जडवस्तूंत अडकल्या, असे लुरिया सांगत. माणसाने मन एकाग्र करून केलेल्या सत्कृत्याने त्या सुटतात आणि जग सांधले जाते. या एकाग्र भावाला ‘कव्वाना’ म्हणतात.

म्हणून येथे वस्तूइतकेच ती धरणाऱ्या हातालाही महत्त्व. कब्बालाचा ‘जोहार’ ग्रंथ सांगतो, की आशीर्वादाचा पेला पाच बोटांवर पेलावा, पाच पानांवर फूल असते तसा. शब्बाथला प्रत्येकाला एक जादा आत्मा लाभतो, अशी श्रद्धा आहे. तो निघून जाताना कासावीस झालेल्या जिवाला मसाल्याचा वास धीर देतो. कारण गंध शरीराला नव्हे, आत्म्याला सुखावतो. मेणबत्तीपुढे बोटे धरून नखांवरचा उजेड पाहतात, म्हणजे प्रकाश वापरला जातो. शेवटी एलियाहू संदेष्ट्याचे गीत म्हणतात. कोकणातले बेने इस्रायल ज्यू, आपले ‘शनवार तेली’, मलिद्याचा विधी करताना याच एलियाहूला आळवतात.

त्सफातच्या गल्ल्यांत आज नजर लागू नये म्हणून लाल दोरेही मिळतात. लुरियांची शिकवण त्याहून कठोर आहे. डबी चांदीची असो की लवंगा भरलेली साधी बरणी, ठिणगी आपोआप सुटत नाही. ती माणसानेच सोडवायची असते. हव्दालानंतर सुरू होणारे कामाचे सहा दिवस त्यासाठीच आहेत.