शेगडी आणि तिची चिमणी

गेल्या पावसाळ्यात मोरजीत घरभेटींना गेलो असता तीन-चार कुटुंबांत एकच प्रश्न ऐकला. "फादर, स्वयंपाकघर नवे करतो आहोत. शेगडी कोणती घ्यावी आणि वर चिमणी कोणती लावावी?" हा प्रश्न दुकानदाराला विचारावयाचा सोडून धर्मगुरूला का, असे कोणी म्हणेल. परंतु चर्चच्या घरात आम्ही ह्याच बाबतीत एकदा पैसे घालवून बसलो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ठेचाळलेल्या माणसाला वाट विचारावी, असा लोकांचा हिशेब असावा.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. आपल्या आजीच्या वेळी चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा. चुलीचा धूर कौलांवर नेणारे ते धुराडे. आणि आज दुकानात चिमणी म्हणतात ती शेगडीच्या डोक्यावर बसविण्याची, विजेच्या पंख्याची पेटी. ह्या लेखात धुराडे आणि चिमणी हे दोन शब्द मी वेगवेगळेच ठेवणार आहे, कारण एकाच्या जागी दुसरे चालत नाही आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

हा विषय आरोग्याच्या पानावर का घेतला? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातील चुलींच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली आणि त्यांत दोन लाखांहून अधिक मुले पाच वर्षांखालील होती. जुनाट खोकला, दम, डोळ्यांतील मोतीबिंदू ही चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांची दुखणी आहेत. आपल्याकडे ह्यात पावसाची भर पडते. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, लाकडे ओली, नारळाची सोडणे भिजलेली. अशा वेळी स्वयंपाकघरात शिरले की दोन मिनिटांत डोळे झोंबू लागतात. घरची माउली मात्र तेथे दिवसाचे चार तास उभी असते.

म्हणून शेगडी निवडताना पहिला प्रश्न असा की, ह्या घरात जळणार काय आहे? आपल्या शेतकरी घरांतून बहुधा दोन्ही असतात: आत गॅस आणि पडवीत किंवा मागल्या खोपीत लाकडाची चूल. भाण तापवावयाचे, भात उकडावयाचा, नाताळला दोदोल घोटावयाचे, ही कामे चुलीवर. ती तशीच राहू द्यावीत. दोदोलचे मोठे भांडे घरगुती गॅसवर चढविले तर ते शेगडीच्या बाहेर पसरते, त्याखाली आच कोंडते आणि शेगडीचा पृष्ठभाग, बटणे व रबराची नळी तापतात. वर काच असलेली शेगडी असल्यास ती तडकण्याचा धोका वेगळाच. जड भांडी वापरणाऱ्या घराने काचेच्या मोहात पडू नये, पोलादीच घ्यावी.

पोलादातही प्रत असते. आपले गाव समुद्राकाठी, वारा खारट. हलक्या पत्र्याची शेगडी येथे लवकर गंजते. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक न्यावा. तो घट्ट चिकटला तर ते पोलाद खाऱ्या हवेत फार दिवस तग धरणारे नव्हे. न चिकटला म्हणजे उत्तमच, असेही समजू नये. परंतु एवढी चाचणी फुकट होते. बर्नर पितळेचे असावेत. भारतीय मानकाप्रमाणे गॅसच्या उष्णतेपैकी निदान ६८ टक्के उष्णता भांड्याला मिळाली पाहिजे, म्हणून आय.एस.आय.ची खूण पाहूनच घ्यावी. साध्या तीन दगडांच्या चुलीत जेमतेम दहा टक्के मिळते, हे लक्षात घेतले तर आपली लाकडे कोठे जातात ते कळेल.

खाली भट्टी आणि वर चार बर्नर अशी कुकिंग रेंज घ्यावी काय? घरात बोल, बाथ वगैरे नियमित भाजत असतील, किंवा मागणीवरून विकत असतील, तर अवश्य घ्यावी. बेबिंकेसाठी वरून आच देणारी सोय आहे की नाही ते विचारून घ्यावे. वर्षातून एकदा नाताळला भट्टी पेटविणार असाल तर ती अकरा महिने भांडी ठेवण्याचे कपाट होते. विजेच्या इंडक्शन शेगडीला धूरही नाही आणि ज्योतही नाही, पण तिला सपाट तळाची लोखंडी वा चुंबक चिकटणाऱ्या पोलादाची भांडीच लागतात. हुमणाचे मातीचे कुंडले, पितळ आणि ॲल्युमिनियम ह्यांना ती ओळखतच नाही.

आता चिमणी, आणि आमची हकीगत. काही वर्षांपूर्वी चर्चच्या स्वयंपाकघरासाठी आम्ही एका दुकानातून देखणी चिमणी आणली. भिंत फोडावी लागणार नाही ह्याचेच आम्हांला कौतुक! पहिल्याच रविवारी बांगडे तळले आणि हरमलची मिरची भाजली, तेव्हा आम्ही सगळे खोकत अंगणात. पाहतो तो चिमणीला बाहेर जाणारी नळीच नाही. ती हवा ओढते, कोळशाच्या गाळणीतून नेते आणि पुन्हा आपल्याच तोंडावर सोडते. अशा चिमणीने तेल थोडे अडते, वास काही दिवस कमी होतो. पण वाफ, उष्णता आणि गॅस जळून होणारे वायू खोलीतच राहतात. आमच्या स्वयंपाकिणीने त्या दिवशी एका वाक्यात निकाल दिला: "फादर, हिला धूर खायला येतो, पण गिळायला येत नाही."

तेव्हा नळी बाहेर जाणारीच चिमणी घ्यावी. रुंदी शेगडीपेक्षा कमी नको: दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, चार बर्नरच्या रेंजला ९०. शेगडीपासून उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर. खाली आणली तर गाळणीतील तेल पेट घेण्याची भीती, वर नेली तर धूर बाजूने निसटतो. ओढण्याची शक्ती तासाला किती घनमीटर हवा, अशी लिहिलेली असते. दहा फूट लांब-रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत सुमारे २५ घनमीटर हवा मावते. ती तासातून पंधरा वेळा बदलावयाची म्हटले तर ३८० घनमीटर पुरे. नळीत बरीच शक्ती वाया जाते म्हणून दुप्पट धरा. दुकानदार पंधराशेची गळ्यात मारू पाहील, तिचा आवाज मात्र फुकट मिळेल! खरी शक्ती नळीवर अवलंबून असते: सहा इंच व्यासाची, गुळगुळीत, आखूड आणि शक्यतो एकाच वळणाची. गाळणी जाळीपेक्षा वाकड्या पत्र्यांची बरी, कारण आपल्या खोबरेल तेलाच्या तळणाने बारीक जाळी लवकर तुंबते. दर दोन-तीन आठवड्यांनी ती गरम पाण्यात सोडा घालून धुवावी. कढईतील तेल पेटलेच तर गॅस बंद, चिमणी बंद, वर झाकण. पाणी कदापि ओतू नये.

नळीचे तोंड पश्चिमेस काढू नये. पावसाळी वारा समुद्रावरून येतो तो सरळ नळीत घुसतो आणि चिमणी चालू असूनही धूर आत ढकलतो. पूर्वेकडे किंवा आडोशाच्या भिंतीत तोंड काढून त्यावर पडणारी झडप बसवावी. ज्यांना चिमणी परवडत नाही त्यांनी शेगडीजवळच्या भिंतीत उंचावर हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. नळी नसलेल्या महागड्या चिमणीपेक्षा तो शंभर पटीने बरा.

आता सर्वांत गंभीर बाब. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी कोठून तरी आत आलीच पाहिजे. खिडक्या-दारे लावून घेतली आणि शेजारच्या खोपीत चूल पेटलेली असली, तर ही पेटी त्या चुलीच्या धुराड्यातूनच हवा खाली ओढते. मग वर जाणारा धूर घरात उतरतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही, रंग नाही. मागल्या पावसाळ्यात एका घरी म्हातारीचे डोके रोज संध्याकाळी दुखत असे आणि सकाळी उतरत असे. मी बसलो असताना सुनेने चिमणी चालू केली आणि खोपीतला धूर दारातून आत येताना आम्ही सर्वांनी पाहिला. मधले दार बंद करून स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडली, तेव्हा धूर पुन्हा धुराड्याने वर गेला. म्हातारीला डॉक्टरांना दाखवा असे मी सांगितलेच. अशी डोकेदुखी घरात एकाहून अधिक माणसांना एकदम होऊ लागली तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.

ह्याच कारणाने लाकडाची चूल विजेच्या चिमणीखाली कधीही मांडू नये. ठिणगी तेलकट गाळणीला लागते. चुलीला तिचे धुराडेच हवे. हैदराबादच्या एस. पी. राजू ह्यांनी १९५३ साली बिनधुराच्या चुलीवर पुस्तक लिहिले, पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारलेल्या चुली देशभर वाटल्या. त्यांतील कितीतरी वर्ष-दोन वर्षांत टाकून दिल्या गेल्या. धुराडे काजळीने तुंबले आणि ते कोणी साफ केले नाही, हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हा धुराडे कौलांच्या वर दोन फूट तरी न्यावे, त्यावर पावसाची टोपी घालावी आणि महिन्यातून एकदा दोरीला चिंध्यांचा बोळा व दगड बांधून वरून खाली ओढावे. लाकडे व सोडणे मे महिन्यातच कोरडी करून आत घ्यावीत.

गॅसचे दोन शब्द. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीत खालीही एक जाळीचे भोक हवे. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी आणि रबराची नळी पाच वर्षांनी बदलावी, चांगली दिसत असली तरीही.

एका शेतकऱ्याने विचारले, चूल गेली तर तिच्यावर टांगलेल्या दुधी-काकडीच्या बियांचे काय? धुराने त्यांना कीड लागत नसे, हे खरे. आता त्या उन्हात चांगल्या वाळवून कोरड्या राखेत मिसळाव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. राख खोपीतल्या चुलीची मिळेलच.