एका हाताचा पिचर

क्रिकेटमधला गोलंदाज तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. बेसबॉल नावाच्या खेळातही असाच एक चेंडू फेकणारा खेळाडू असतो. त्याला पिचर म्हणतात. अमेरिका, जपान, क्यूबा, दक्षिण कोरिया या देशांत बेसबॉल फार आवडीने खेळला जातो. आपल्याकडे मुले गल्लीत क्रिकेट खेळतात, तशी तिकडची मुले बेसबॉल खेळतात.

आज मी तुम्हांला अशाच एका पिचरची माहिती सांगणार आहे. त्याचे नाव जिम ॲबट. पण त्याआधी पिचरचे काम काय असते ते समजून घेऊ, म्हणजे ॲबटपुढची अडचण किती मोठी होती ते तुमच्या ध्यानात येईल.

बेसबॉलच्या मैदानात मधोमध मातीचा एक छोटा उंचवटा असतो. त्याची उंची 10 इंच. त्यावर उभा राहून पिचर चेंडू फेकतो. समोर 60 फूट 6 इंचांवर, म्हणजे सुमारे साडेअठरा मीटरांवर, फलंदाज उभा असतो. क्रिकेटसारखा लांबून पळत येऊन चेंडू टाकायचा नसतो. एका जागी उभे राहून, अंगाची सारी ताकद लावून तो फेकायचा असतो. हात कोपरात वाकवला तरी चालतो. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी 145 किलोमीटर वेगाने जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोहोचतो.

फेकलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून गेला आणि फलंदाजाला तो मारता आला नाही, तर त्याला 'स्ट्राइक' म्हणतात. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चेंडू पट्ट्याबाहेर गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. असे चार बॉल पडले, तर फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात तीन, म्हणजे पुऱ्या सामन्यात एका संघाचे 27 गडी बाद करावे लागतात.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणारा प्रत्येक खेळाडू एका हातात चामड्याचा मोठा हातमोजा घालतो. चेंडू झेलायचा मोज्याच्या हाताने आणि फेकायचा दुसऱ्या हाताने. पिचरलाही हा नियम लागू आहे. चेंडू फेकून झाला की क्षणात तो क्षेत्ररक्षक होतो, कारण फलंदाजाने मारलेला चेंडू कित्येकदा सरळ त्याच्याच अंगावर येतो. म्हणजे पिचरला दोन्ही हात हवेतच. ॲबटला मात्र एकच हात होता.

जिम ॲबटचा जन्म 19 सप्टेंबर 1967 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फ्लिंट या गावी झाला. फ्लिंट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. जन्मतःच जिमला उजवा पंजा नव्हता. त्याचा उजवा हात मनगटापाशीच संपत होता. लहानपणी त्याला लोखंडी आकडा असलेला कृत्रिम हात बसवला होता. पण त्याने खेळायला मदत होण्याऐवजी अडचणच व्हायची. थोड्याच दिवसांत जिमने तो हात वापरणे सोडून दिले.

मग त्याने काय केले? तो भिंतीपाशी गेला. घराच्या विटांच्या भिंतीवर तो डाव्या हाताने चेंडू मारी. चेंडू भिंतीवर आपटून परत येईपर्यंत हातमोजा डाव्या हातात चढवायचा आणि चेंडू झेलायचा, हा त्याचा सराव. हे जमू लागले की तो एक पाऊल पुढे सरके. भिंत जवळ आली की चेंडू लवकर परत येई आणि हातही अधिक चपळ चालवावा लागे. तेही जमले की आणखी एक पाऊल पुढे.

या सरावातून त्याने स्वतःची पद्धत तयार केली. चेंडू फेकताना हातमोजा उजव्या हाताच्या टोकावर अडकवून ठेवायचा. डाव्या हाताने चेंडू फेकला की लगेच तोच हात मोज्यात सरकवायचा. मारलेला चेंडू आला की मोज्यात झेलायचा. मग मोजा उजव्या हाताने छातीशी दाबून धरायचा, डावा हात चेंडूसकट बाहेर काढायचा आणि चेंडू साथीदाराकडे फेकायचा. हे वाचायला तुम्हांला जितका वेळ लागला, त्याच्या कितीतरी कमी वेळात तो हे सारे करीत असे. तुम्ही एकदा उजवा हात पाठीमागे ठेवून, एकाच हाताने भिंतीवर चेंडू फेकून पाहा. चेंडू झेलणे सोपे वाटेल. पण मध्ये हातमोजा चढवायचा आहे, हे विसरू नका!

शाळेच्या संघात जिम पिचर झाला, तेव्हा विरोधी संघांनी त्याचा कच्चा दुवा हेरला. चेंडूला बॅट नुसती लावून तो पिचरच्या पुढ्यात हळूच सोडायचा, अशी एक चाल बेसबॉलमध्ये आहे. तिला 'बंट' म्हणतात. एका सामन्यात विरोधी संघाने एकामागून एक फलंदाजांना बंट करायला लावले. या एका हाताच्या मुलाला पुढे धावून, चेंडू उचलून, तो वेळेत फेकणे जमणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. पण भिंतीपाशी केलेली मेहनत कामी आली. जिमने फलंदाजांमागून फलंदाज बाद केले. हिशेब चुकला होता.

पुढे तो मिशिगन विद्यापीठाच्या संघातून खेळला. 1987 साली तो अमेरिकेच्या संघाबरोबर क्यूबाला गेला. क्यूबाचा संघ फार बलाढ्य. त्यांच्याच देशात जाऊन त्यांना हरवणे ही साधी गोष्ट नव्हती. हवानामध्ये जिमने तो सामना जिंकून दिला. 1988 साली सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना जपानशी होता. जिमने तो पूर्ण सामना एकट्याने टाकला आणि अमेरिका 5–3 अशी जिंकली. त्या वर्षी बेसबॉल हा केवळ प्रदर्शनाचा खेळ होता, म्हणून ते सुवर्णपदक अधिकृत यादीत मोजले गेले नाही.

त्यानंतर सुरू झाली त्याची व्यावसायिक कारकीर्द. अमेरिकेत तरुण खेळाडू बहुधा आधी काही वर्षे खालच्या दर्जाच्या संघांतून खेळतात आणि मग वर येतात. कॅलिफोर्निया एंजल्स या संघाने 1989 साली ॲबटला थेट वरच्या दर्जाच्या सामन्यात उतरवले. पहिला सामना तो हरला. वर्षअखेर त्याच्या नावावर 12 विजय आणि 12 पराभव होते.

येथे एक गोष्ट समजून घ्या. वरच्या दर्जाचा संघ वर्षाला 162 सामने खेळतो. चेंडू फेकताना खांद्यावर आणि कोपरावर फार ताण येतो, म्हणून एकाच पिचरला रोज खेळवता येत नाही. संघात साधारण पाच मुख्य पिचर असतात आणि प्रत्येकाची पाळी पाचव्या दिवशी येते. विजय किंवा पराभव ज्या पिचरच्या खेळाने ठरला, त्याच्या नावावर तो लिहिला जातो. पण धावा काढणे साथीदारांच्या हाती असते. 1991 साली ॲबटने 18 सामने जिंकले. 1992 सालीही त्याने उत्तम चेंडू टाकले. दर नऊ डावांमागे त्याने तीनपेक्षाही कमी धावा दिल्या. तरी त्याच्या संघाला पुरेशा धावा काढता आल्या नाहीत आणि त्याच्या नावावर 7 विजय व 15 पराभव लागले. चांगले काम केले की यश मिळतेच, असे नाही. पाचव्या दिवशी पुन्हा उभे राहायचे, एवढेच आपल्या हातात असते.

1993 साली तो न्यूयॉर्क यांकीज संघात गेला. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस क्लीव्हलँडच्या संघाने त्याच्या चेंडूंची धुलाई केली. चार डावही पुरे होण्याआधी त्याला मैदान सोडावे लागले. आठवडा उलटण्याच्या आत, 4 सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या मैदानात तोच संघ पुन्हा समोर आला.

त्या दिवशी ॲबटने पाच फलंदाजांना चार-चार बॉल टाकून पहिला तळ फुकट दिला. पण एकालाही त्याच्या चेंडूवर यशस्वी फटका मारून तळ गाठता आला नाही. यांकीजनी सामना 4–0 असा जिंकला. अशा सामन्याला 'नो-हिटर' म्हणतात. वरच्या दर्जाच्या बेसबॉलला सुमारे दीडशे वर्षे होत आली, तरी असे सामने तीनशेपेक्षा थोडेच अधिक झाले आहेत.

या सामन्यातील नवव्या डावाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. केनी लॉफ्टन हा अतिशय वेगाने धावणारा फलंदाज होता. त्याने बंट करून पाहिला. चेंडू रेषेबाहेर गेला आणि प्रेक्षकांनी ओरडून आपली नाराजी दाखवली. पण विचार करा, लॉफ्टनने काही नियम मोडला होता का? मुळीच नाही. त्याने ॲबटवर दया दाखवली नाही, एवढेच. समोर एका हाताचा बिचारा माणूस आहे असे न मानता, समोर एक तगडा पिचर आहे असे मानून तो खेळला. मला तर यातच ॲबटचा खरा सन्मान दिसतो. पुढच्या चेंडूंवर लॉफ्टन बाद झाला आणि थोड्या वेळाने सामनाही संपला.

गोष्ट इथेच संपवली तर ती गोड वाटेल, पण पुरी होणार नाही. 1996 साली ॲबटने फक्त 2 सामने जिंकले आणि 18 गमावले. ज्या खालच्या दर्जाच्या सामन्यांची पायरी त्याला सुरुवातीला चढावी लागली नव्हती, तिथे त्याला आता पाठवण्यात आले. 1997 साली तो खेळलाच नाही. 1998 साली तो पुन्हा आला. अगदी खालच्या संघापासून त्याने सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स संघातून वरच्या दर्जाचे पाच सामने जिंकले, एकही न हरता! 1999 साली तो मिलवॉकी संघात गेला. तिथे पिचरलाही फलंदाजी करावी लागे. ॲबटने तेही केले आणि दोन यशस्वी फटके मारले. त्याच वर्षी त्याची कारकीर्द संपली. एकूण हिशेब असा : 87 विजय आणि 108 पराभव.

मित्रांनो, या आकड्यांत पराभव जास्त आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. एका हाताचा माणूस जिंकला म्हणूनच तो मोठा, असे मानले तर हरलेल्या दिवसांचे काय? ॲबटची थोरवी अशी की, तो इतरांसारखाच जिंकला आणि इतरांसारखाच हरला. कुणी त्याला दयेने खेळवले नाही.

तुमच्या वर्गात, तुमच्या मोहल्ल्यात एखादा मुलगा किंवा मुलगी लंगडत चालत असेल, कुणाचा हात नीट चालत नसेल. तुमचा खेळ रंगात आला की ते मूल कुठे असते? बहुधा कडेला बसून तुमचे कपडे आणि चपला सांभाळत असते. उद्या त्याच्या हाती चेंडू द्या. त्याची पद्धत त्याला शोधू द्या. तिला थोडा वेळ लागेल. आणि त्याने चेंडू टाकला की तो दयेने सोडून देऊ नका. मन लावून खेळा.