कोकणचं गाईडबुक निवडताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुस्तकांच्या दुकानात कोकण पर्यटनाची पुस्तकं पुढे मांडली जातात. मुखपृष्ठावर समुद्र आणि माड. आत किल्ले, देवळं, किनारे यांची नावंही बहुतेक तीच. मग निवड होते ती जाडीवरून, फोटोंवरून, नाहीतर किमतीवरून. खरं तर निकष साधा आहे. पुस्तक वाचून कधी निघायचं, कुठून जायचं आणि काय सोडायचं, हे ठरवता आलं तर ते कामाचं.

गैरसमज : जितकी जास्त ठिकाणं, तितकं पुस्तक चांगलं.

वस्तुस्थिती : यादी कुणालाही करता येते, निवड करायला जाऊन यावं लागतं. पानोपानी ‘निसर्गरम्य’ आणि ‘अवश्य भेट द्यावी’ असेल, तर वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. ‘दोनच दिवस असतील तर मुरूड-जंजिरा करा, नाहीतर हर्णै, दोन्हीच्या मागे लागू नका’ असं स्पष्ट सांगणारं बारकं पुस्तक जास्त उपयोगी.

गैरसमज : किलोमीटर दिले की प्रवासाचा अंदाज येतो.

वस्तुस्थिती : कोकणात अंतर खाडी ठरवते. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की वाशिष्ठीच्या पलीकडे धोपावे दिसतं. फेरीबोटीत गाडी घातली की काही मिनिटांत पलीकडे, आणि तिथून गुहागर जवळच. बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडला, शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ-जयगड, मुरूडच्या दक्षिणेला आगरदांडा-दिघी, सगळीकडे हाच प्रकार. ज्या पुस्तकाच्या नकाशात या फेऱ्या नाहीत, ते किनाऱ्याने जाणाऱ्याला पुन्हा पुन्हा महामार्गावर आणून सोडतं.

गैरसमज : किल्ला उघडा असण्याची वेळ छापली की काम झालं.

वस्तुस्थिती : जलदुर्गांच्या बाबतीत फाटकाआधी समुद्र उघडावा लागतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली. ही वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे ‘सकाळी अमुक वाजता जावे’ हे वाक्य छापलं की दुसऱ्याच दिवशी चुकतं. चांगलं पुस्तक वेळ देत नाही, हिशेब शिकवतं. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारायचंच.

त्यातही एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, सोयीच्या वेळी येते. पण ती भांगाची, पाणी पुरतं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांबवर ओसरतं. पण ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ बरी : उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी साडेसात-आठच्या आसपास. एवढं सांगणारा परिच्छेद किल्ल्याच्या चार रंगीत फोटोंना भारी आहे. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या बोटी बंद असतात, हेही ठळकपणे छापलेलं हवं.

गैरसमज : यंदा छापलेलं पुस्तक म्हणजे यंदाची माहिती.

वस्तुस्थिती : श्रेयनामावलीचं पान उघडून ‘पुनर्मुद्रण’ लिहिलंय की ‘सुधारित आवृत्ती’, ते पाहा. पुनर्मुद्रणात कागद तेवढा नवा असतो. मग आत डोकवा. मुंबई-गोवा महामार्गाचा क्रमांक अजून १७ आहे की ६६? मुंबईहून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिचा उल्लेख आहे का? ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्याची नोंद आहे का? आणि वारशाच्या उत्साहात लेखकाने जंजिराही त्या यादीत घातला असेल, तर बाकीच्या माहितीबद्दलही सावध राहा. तो त्या १२ किल्ल्यांत नाही.

गैरसमज : जुनं पुस्तक रद्दीच्या लायकीचं.

वस्तुस्थिती : लॉजचे दर आणि एसटीच्या वेळा शिळ्या होतात, खाडीचं वळण आणि किल्ल्याची बांधणी होत नाही. १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर घ्या. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, तरी कोणत्या खाडीत गलबतं कुठवर जात आणि कोणतं बंदर कशाच्या व्यापारावर उभं होतं, हे आजही त्यातून कळतं. मुक्कामाची सोय मात्र त्यात शोधू नये.

गैरसमज : मोबाइल असताना पुस्तक कशाला?

वस्तुस्थिती : दर, वेळ, रस्ता बंद आहे का, हे मोबाइललाच विचारावं, तिथे पुस्तक हरणारच. पण मोबाइल विचारलेल्याचं उत्तर देतो. तिथी मोजायची असते हे ज्याला माहीतच नाही, तो तसं विचारणार कसा? पुस्तकाचा उपयोग तिथे सुरू होतो.

दुकानात उभ्या उभ्या करण्याजोगी परीक्षा एकच. अनुक्रमणिकेत स्वतःचं गाव, आजोळ किंवा सासर शोधा आणि ते पान वाचा. देवळापर्यंत गाडी जाते की पाखाडी उतरावी लागते, दुपारी जेवण आयत्या वेळी मिळतं की आधी सांगून ठेवावं लागतं, हे बरोबर लिहिलेलं असेल तर लेखक तिथे गेला होता असं समजायला हरकत नाही. तेच पान ऐकीव असेल, तर तुम्हाला अनोळखी असलेल्या गावांची पानंही तशीच लिहिलेली असणार. पुस्तक परत ठेवा आणि शेजारचं उचला.