प्रकाशसंवेदी इसब
प्रकाशसंवेदी इसब : सूर्यप्रकाशामुळे, किंवा सूर्यप्रकाश व एखादे रसायन यांच्या संयुक्त क्रियेमुळे त्वचेला येणारा शोथ (दाहयुक्त सूज). खाज, लाली, बारीक पुटकुळ्या, लस वाहणे व कालांतराने त्वचा जाड होणे ही त्याची लक्षणे होत.

इसबाची प्रवृत्ती असलेल्या त्वचेचा सर्वांत वरचा, मृत कोशिकांचा थर बहुधा सदोष असतो. अनेक रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यास कारणीभूत असल्याचे २००६ मध्ये आढळून आले. अशा त्वचेतून पाणी लवकर निघून जाते व बाहेरील रसायने सहज आत शिरतात.

सूर्यप्रकाशाचा परिणाम दुहेरी असतो. त्यातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरण त्वचेतील प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक) कोशिकांची क्रिया मंदावतात. म्हणूनच ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांची मोजकी मात्रा इसबावर उपचार म्हणून देतात. उलट उष्णता व घाम यांमुळे खाज वाढते आणि काही रुग्णांत प्रकाशच शोथ निर्माण करतो.

काही रसायनांचे रेणू ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषून क्रियाशील होतात व त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावतात. या संयोगातून बनलेला प्रतिजन लसीका कोशिका ‘परका’ म्हणून ओळखतात. पुढे तेच रसायन व प्रकाश पुन्हा एकत्र आले की, साधारणतः एक-दोन दिवसांत इसब उमटते. हिला प्रकाश-अधिहर्षता (ॲलर्जी) म्हणतात. ती फक्त संवेदनक्षम झालेल्या व्यक्तींतच उद्‌भवते. परंतु अशा व्यक्तीस रसायनाची अल्प मात्राही पुरते. इंग्लंडमध्ये १९६० च्या सुमारास जंतुनाशक साबणांतील टेट्राक्लोरोसॅलिसिलॅनिलाइडामुळे असे अनेक रुग्ण आढळले. वेदनाशामक मलमातील कीटोप्रोफेन व प्रकाशरोधक मलमातील ऑक्सिबेंझोन ही आजची उदाहरणे होत. म्हणजे संरक्षणासाठी लावलेले मलमही क्वचित रोगाचे कारण ठरते.

भारतात गाजर गवताचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या तणाची नोंद पुण्याहून १९५६ मध्ये झाली. त्यातील पार्थेनीन या संयुगाने अधिहर्षता निर्माण होते. वाळलेल्या तणाचे सूक्ष्म कण हवेतून चेहरा, मान व हातांवर बसतात. येथे आरंभी प्रकाशाची गरज नसते. मात्र काही रुग्णांत रोग जुना झाल्यावर त्वचा प्रकाशसंवेदी बनते व तणाशी संपर्क नसतानाही उन्हाने इसब चेतते.

निदानास रोगाचे स्थान उपयोगी पडते. केवळ प्रकाशजन्य शोथात वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग व कानामागील त्वचा बहुधा वाचते. हवेतील कणांमुळे झालेल्या शोथात हेच भाग ग्रासले जातात. निश्चितीसाठी संशयित रसायनांच्या पट्ट्या पाठीवर दोन संचांत लावून त्यांपैकी एका संचाच्या जागेवर जंबुपार किरण सोडतात. फक्त त्याच बाजूस प्रतिक्रिया उमटल्यास ती प्रकाश-अधिहर्षता होय. दोन्ही बाजूंस सारखीच उमटल्यास साधी स्पर्शजन्य अधिहर्षता समजतात.

कारणीभूत रसायन वर्ज्य करणे हा मुख्य उपाय होय. दाट विणीचे, अंगभर कपडे व रुंद काठाची टोपी उपयुक्त असतात. ३१५ नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचे बरेचसे किरण साध्या काचेतून आत येतात. त्यामुळे बंद खिडकीजवळ बसणे सुरक्षित नव्हे. शेतात राबणाऱ्यास ऊन व तण दोन्ही टाळणे दुष्कर असते. अशा रुग्णाचे निदान वेळीच झाले, तर रोग जुना होऊन उपजीविका सोडण्याची वेळ टळू शकते.