इशारा पावसाचा, पाणी तलावाचे

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका परिसरातून एकही मोठी नदी वाहत नाही. तरीही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या तेथील केंद्रीय विहार वसाहतीतून नोव्हेंबर 2021 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2024 मध्ये रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. दोन्ही वेळा वसाहतीत शिरले ते भरून वाहणाऱ्या येलहंका तलावाचे पाणी. कर्नाटक राज्याचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र येलहंकातच आहे, हा योगायोग बोलका म्हणावा लागेल.

हवामान खात्याचा रंगांकित इशारा सहसा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल रंग कृती करण्यास सांगतो. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे मध्यरात्रीनंतर कोसळणारा पाऊसही आदल्या दिवसाच्याच इशाऱ्यात मोडतो. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार आणि 204.5 पासून अत्यंत मुसळधार पाऊस गणला जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये येलहंकात एका रात्रीत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस झाला.

मात्र हा इशारा पावसाचा आहे, पुराचा नव्हे. नदीकाठी दोहोंतील अंतर मोजता येते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, तर धोका पातळी 43 फूट आहे. पाणी चढताना शहराला आकडे कळत राहतात. येलहंकाच्या रहिवाशाला असा सर्वपरिचित आकडा नाही. बंगळुरूचे तलाव एकाखाली एक असून राजकालुवे म्हणजे मोठ्या नाल्यांनी जोडलेले आहेत. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी खालच्या तलावात उतरते, आणि नाला अरुंद असेल तर ते वस्तीत पसरते. तलाव आधीच काठोकाठ असल्यास पिवळा इशाराही तेथे गंभीर ठरू शकतो. त्यामुळे रंगासोबत सांडव्याकडेही पाहायला हवे. आपले घर कोणत्या तलावाखाली येते, हे ठाऊक नसलेल्यांची संख्या महानगरांत मोठी असावी.

तयारी करायची ती अंधार पडण्यापूर्वी. तळघरातील वाहने उंचावर न्यावीत, उद्वाहन वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावे. मुख्य विद्युत कळ तळमजल्यावर असेल, तर पाणी तिथवर पोहोचण्याआधीच ती बंद करावी. पाण्यात उभे राहून तिला हात लावू नये. कागदपत्रे, औषधे, विजेरी आणि पिण्याचे पाणी एका पिशवीत तयार असावे. वृद्धांना व रुग्णांना प्रथम हलवावे, कारण बोट येईपर्यंत जिना हाच त्यांचा अडथळा ठरतो. मदतीसाठी 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आहे. पूर ओसरल्यावर जमिनीखालील टाकीतील पाणी स्वच्छ दिसले, तरी ती उपसून निर्जंतुक करेपर्यंत ते पिऊ नये.