प्रश्न सोडविण्याचे शिक्षण

आपल्या समुपदेशन विभागाविषयी देणगीदार आम्हांस नेहमी विचारतात, "नुसत्या बोलण्याने काय होते?" प्रश्न रास्त आहे. या विभागात नावाची पाटी लावण्याजोगे यंत्र नाही आणि हिशेबात तो तुटीतच दिसतो. म्हणून त्याच्या कार्याचा थोडा खुलासा करणे आम्ही कर्तव्य समजतो.

येथील उपचारांपैकी एक म्हणजे समस्या-निराकरण पद्धती. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस डिझुरिला व मार्व्हिन गोल्डफ्रीड यांनी १९७१ साली तिची मांडणी केली. प्रश्न सोडविणे हे कौशल्य असून ते शिकता येते, हा तिचा पाया होय.

डायालिसिस घेणाऱ्या एका रुग्णाच्या पत्नी "सगळेच संपले" असे म्हणत. समुपदेशकांनी त्यांना हे 'सगळे' कागदावर वेगवेगळे लिहावयास सांगितले. पतीचा आजार टळणारा नव्हता. तेथे आधारच द्यावयाचा. परंतु आठवड्यातून तीन दिवस दुकान बंद राहणे, हा प्रश्न सुटण्याजोगा होता. सुचतील ते सर्व उपाय लिहून, प्रत्येकाचा लाभ व अडचण ताडून, पुतण्यास दुकानात बसविण्याचे ठरले. तो दोनच दिवस आला. पुढील भेटीत खचून न जाता यादीतील दुसरा उपाय घेण्यात आला : डायालिसिससाठी सकाळची पाळी मागणे. अर्ज आमच्याच कार्यालयात करावयाचा होता. पाळी बदलून मिळते, हे आम्ही कोठेही लिहिले नव्हते. आता तशी सूचना लावली आहे.

झिंबाब्वेतील हरारे येथे दवाखान्याबाहेरील बाकावर बसून प्रशिक्षित आरोग्यसेविका हीच पद्धती वापरतात. ५७३ रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनंतर या रुग्णांचा मानसिक त्रास इतरांहून कमी आढळला.

अर्थात, तीव्र नैराश्य अथवा आत्महत्येचे विचार असल्यास मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला तत्काळ घ्यावा. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

बिलात दिलेली सवलत एकदाच कामी येते. शिकलेली रीत पुढच्या अडचणीतही उपयोगी पडते. ही तूट आपण उदार मनाने भरून काढावी आणि नातेवाइकांनी संकोच न करता या विभागात यावे, ही नम्र विनंती.